जपानमधला नाताळ : तळलेलं चिकन आणि स्ट्रॉबेरीचा केक?

कृष्णाकाठ · २ डिसेंबर, सकाळी ९:१२

नमस्कार मंडळी. नवऱ्याच्या नोकरीमुळे यंदा आम्ही नागोयाला आलोय. लेकीच्या बालवाडीतल्या एका मैत्रिणीच्या आईने २४ तारखेला संध्याकाळी घरी बोलावलंय. चार-पाच कुटुंबं जमणार, प्रत्येकाने एकेक पदार्थ न्यायचा. मी विचारलं, मुख्य जेवण काय असतं तुमच्याकडे? तर म्हणाली, केंटकीचं (म्हणजे केएफसी, ती तळलेल्या चिकनची दुकानं) बुकिंग झालंय आणि केकचंही झालंय. डिसेंबर उजाडायच्या आत!

माझं लहानपण मिरजेत गेलं. नाताळ म्हटलं की मिशनच्या आवारातल्या काकूंकडून येणारं ताट. त्यात केकचा एक तुकडा आणि बाकी करंज्या, चकल्या, शंकरपाळे. दिवाळीचीच धाकटी बहीण. त्यामुळे हे तळलेल्या चिकनचं प्रकरण काही पचनी पडेना.

दोन प्रश्न आहेत. एक, केंटकी आणि नाताळ यांची गाठ कुणी बांधली? दोन, आणि हा जास्त महत्त्वाचा : मी अंडं खाते, पण मांस-मासे नाही. तिथे मला काय खाता येईल, आणि जपानी मुलं चवीने खातील असं काय करून नेऊ?

गंपू_शेठ · सकाळी ९:३१

पहिला नंबर! पॉपकॉर्न संपलेत, पॉपकॉर्न चिकन घेऊन बसलोय.

निशीकासाईकर · सकाळी १०:०५

कृष्णाकाठ, तुम्ही नेमक्या त्याच गावात आहात. १९७० च्या ओसाका एक्स्पोत, म्हणजे जागतिक प्रदर्शनात, केंटकीने आधी प्रायोगिक दुकान लावलं आणि त्याच वर्षी जपानमधलं पहिलं कायमचं दुकान उघडलं ते नागोयात. तिथले व्यवस्थापक ताकेशी ओकावारा. सुरुवातीला दुकान चालेना. लोकांना बाहेरून कळायचंच नाही की आत नक्की काय विकतात.

मग १९७४ मध्ये ‘नाताळला केंटकी’ ही मोहीम देशभर सुरू झाली. पहिल्या वर्षीच्या पाकिटात चिकनसोबत वाइनची बाटली होती. पुढे पार्टी बॅरल आलं. आता त्यात चिकनचे तुकडे, कोळंबीचं ग्रातँ (पांढऱ्या सॉसमध्ये भाजलेला पदार्थ), छोटा केक आणि दरवर्षी नव्या चित्राची एक बशी, असं साधारण असतं. काही हजार येनच्या घरात जातं. बुकिंग नोव्हेंबरात जोरात चालू असतं. २४ ला न सांगता गेलात तर रांगेत उभं राहायची तयारी ठेवा. दारातल्या कर्नल सँडर्सच्या, म्हणजे केंटकीच्या संस्थापकाच्या, पुतळ्याला सांताचे कपडे चढवलेले असतात. पांढरी दाढी त्याला आधीचीच आहे, त्यामुळे सोय झाली.

ओकावारा पुढे १९८४ मध्ये केंटकी जपानचे प्रमुख झाले.

पाटणकर_काकू · सकाळी १०:४०

म्हणजे जाहिरातवाल्यांनी सण विकला आणि अख्ख्या देशाने विकत घेतला. ना प्रार्थना, ना चर्च, ना घरात केलेलं काही. बादलीतून कोंबडी खायची आणि त्याला ख्रिसमस म्हणायचं. वाईट वाटतं.

ओसाकातला_आबा · सकाळी ११:२२

काकू, जरा थांबा. जाहिराती रोज शंभर येतात. एखादीच चिकटते, ती का चिकटली ते बघायला हवं.

एक तर जपानी घरात मोठा ओव्हन नसतो. गॅसच्या शेगडीत मासे भाजायची एक चपटी खाच असते आणि वर मायक्रोवेव्हचाच ओव्हन. त्यात टर्की सोडा, मोठी कोंबडीही बसायची मारामार. टर्की इथे सहज मिळतही नाही. दुसरं, १९६० नंतर ब्रॉयलर कोंबड्यांचा धंदा इथे झपाट्याने वाढला, चिकन स्वस्त झालं. केंटकी जपानमध्ये अर्धी भागीदारी मित्सुबिशी या व्यापारी कंपनीची होती. त्यांना कोंबडीचं मांस खपायला हवंच होतं. तिसरं, २५ डिसेंबरला इथे सुट्टी नाही. आई-बाप दोघं कामावरून साडेसात-आठला येणार. मुलांना तर सण हवा. मग तयार बॅरल उचलून आणणं हे सगळ्यात शहाणपणाचं.

आणि सगळेच केंटकी खातात असंही नाही. सुपरमार्केटमध्ये त्या आठवड्यात भाजलेल्या चिकनच्या तंगड्या मांडलेल्या असतात, हाडाच्या टोकाला कागदाची झालर लावून. आमच्या सासूबाई घरीच कराआगे तळतात, म्हणजे आलं-लसूण-सोया सॉसमध्ये मुरवलेलं चिकन. शेजारचे सुशीचं मोठं ताट मागवतात. पिझ्झावाल्यांची पोरं तर त्या रात्री लाल टोप्या घालून स्कूटर पळवताना दिसतात. ‘चिकन पाहिजे’ एवढं ठरलेलं, कुठलं ते घरोघरी वेगळं.

पाटणकर_काकू · सकाळी ११:३५

सुट्टी नाही हे माहीत नव्हतं. पण माझा मुद्दा तसाच उभा आहे.

झंप्या_दामले · सकाळी ११:५०

निशीकासाईकर, ती टर्की न मिळालेल्या परदेशी गिऱ्हाइकाची गोष्ट विसरलात. ‘टर्की नाही तर निदान चिकन तरी’ म्हणत कुणी गोरा माणूस दुकानात आला आणि तिथून कल्पना सुचली म्हणे.

निशीकासाईकर · दुपारी १२:१०

मुद्दाम विसरलो. :) ती कंपनीची साजूक तुपातली आवृत्ती. ओकावारांनी म्हातारपणी मुलाखतीत वेगळंच सांगितलं. एका मिशनरी शाळेने मुलांच्या नाताळ पार्टीसाठी चिकन मागवलं, हे सांता बनून तिथे नाचले, मुलं खूश. मग दुसऱ्या शाळांकडूनही मागणी आली. पुढे टीव्हीवर त्यांना विचारलं की पाश्चात्य देशांत नाताळला तळलेलं चिकन खातात का, आणि त्यांनी सरळ हो म्हणून ठोकून दिलं. त्या खोटेपणाची बोच राहिली असंही ते म्हणाले. मला हीच आवृत्ती खरी वाटते, कारण स्वतःची लाज काढणारी गोष्ट कोण कशाला रचेल?

यश इतकं की २०१२ च्या डिसेंबरात जपान एअरलाइन्सने काही लांबच्या विमानांत जेवण म्हणून केंटकीच वाढलं होतं.

गंपू_शेठ · दुपारी १२:१४

विमानात डाव्या-उजव्या शेजाऱ्याने तंगडी फोडायला घेतली तर मधल्या सीटवरच्या शाकाहाऱ्याने जायचं कुठे?

अक्षरओळ · दुपारी १:४५

सगळे चिकनच्या मागे लागलेत. माझ्या मते जपानी नाताळचा खरा मानकरी केक आहे, आणि तो केंटकीपेक्षा कितीतरी जुना. (पुण्यात जपानी शिकवते, दर डिसेंबरला वर्गात हा विषय निघतोच.)

योकोहामात १९१० साली रिनएमोन फुजिई यांनी फुजिया नावाचं मिठाईचं दुकान काढलं. त्याच वर्षीपासून ते नाताळचा केक विकत होते असं त्यांचा इतिहास सांगतो. तेव्हाचा केक म्हणजे परदेशी व्यापाऱ्यांच्या घरात दिसणारा सुक्या मेव्याचा दाट केक. स्पंज, क्रीम आणि स्ट्रॉबेरी हा आजचा अवतार १९२० च्या दशकातला. पण तो घराघरांत पोचायला लढाईनंतरची भरभराट यावी लागली. युद्धाच्या काळात साखर रेशनवर होती. नंतरही कितीतरी वर्षं ताज्या क्रीमचा केक परवडायचा नाही आणि टिकायचाही नाही, कारण ना दुकानात थंड कपाट, ना घरी फ्रिज. म्हणून बटरक्रीमचे केक असत, वर गुलाबी फुलं काढलेली. साठ-सत्तरच्या दशकांत फ्रिज घरोघरी आले तसं ताजं क्रीम जिंकलं.

आणि रंग बघा, लाल-पांढरा. जपानमध्ये ही मंगलकार्याची जोडी आहे. लग्नात, शाळेच्या समारंभात पडदेसुद्धा लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे. पांढऱ्या क्रीमवर लाल स्ट्रॉबेरी लोकांना परकी वाटलीच नाही. फोनवरच्या इमोजीतला केकचा तुकडा आठवा, तो हाच.

पाटणकर काकू, तुमच्या ‘ना प्रार्थना’वर : ख्रिश्चन लोक जपानमध्ये जेमतेम एक टक्का. पण तारखेचा योगायोग गमतीचा आहे. सम्राट ताइशो वारले २५ डिसेंबर १९२६ ला. त्यामुळे १९२७ ते १९४७ पर्यंत २५ डिसेंबरला खरोखरच सरकारी सुट्टी असायची, अर्थात त्यांच्या पुण्यतिथीची! शहरांत नाताळची हौस रुजायला त्या सुट्टीने हातभार लावला असं म्हणतात.

मधुमालती · दुपारी २:०३

अक्षरओळ, मस्त माहिती. बटरक्रीमचं वाचून आमच्या गावच्या बेकरीतला वाढदिवसाचा केक आठवला, दाताला चिकटणारी गुलाबी फुलं. मला ती आवडायची.

ओसाकातला_आबा · दुपारी २:२०

मधुमालती, सासूबाईंनाही तीच आवडतात. सगळे ताज्या क्रीमचं कौतुक करत असताना त्या हळूच म्हणतात, लहानपणीचा तो कडक गुलाब वेगळाच होता. आता काही दुकानं जुन्या आठवणींचा माल म्हणून मुद्दाम बटरक्रीमचे केक करतात.

शेवंती_टोकियो · दुपारी ३:१५

एक कडू आठवण याच केकची. ऐंशीच्या दशकात पंचविशी ओलांडलेल्या अविवाहित मुलीला ‘ख्रिसमस केक’ म्हणायचे, पंचवीस तारखेनंतर कुणी विचारत नाही म्हणून. माझ्या ऑफिसातल्या वयाने मोठ्या बायकांनी हे ऐकून घेतलंय. लग्नाचं वय वाढलं तसं ते मागे पडलं, मग कुणीतरी ३१ डिसेंबरला खायच्या सोबा नूडल्सपर्यंत मुदत वाढवली. मेहेरबानीच म्हणायची.

कोंबिनीवाला · दुपारी ४:४८

विद्यार्थी आहे, संध्याकाळी एका कोंबिनीत, म्हणजे रात्रंदिवस उघड्या असणाऱ्या छोट्या दुकानात, काम करतो. साखळीचं नाव लिहीत नाही. तुम्ही ज्याला सण म्हणता तो आमच्यासाठी युद्धपातळीवरचा आठवडा.

केकचा रंगीत कॅटलॉग शरद ऋतूतच काउंटरवर येतो. मागच्या वर्षी आमच्या मालकाने प्रत्येकाला ‘इतके केक खपवा’ म्हणून आकडा दिला. नाही खपले तर स्वतः घ्या असा सूर. असं सक्तीने घ्यायला लावणं चूक आहे यावर इथल्या बातम्यांत बरंच येऊन गेलंय, तरी होतं. मी एक घेतला, खोलीतल्या चौघांनी मिळून तीन दिवस खाल्ला. क्रीमचा वास आला की अजून पोटात ढवळतं.

२४ ला दुकानाबाहेर टेबल लावून, लाल टोपी घालून थंडीत उभं राहायचं. आत तळणीवर एकजण सतत चिकन तळतोय. प्रत्येक साखळीचं आपलं चिकन असतं : फॅमिलीमार्टचं फामिचिकी, लॉसनचं काराआगे-कुन, सेव्हन-इलेव्हनचं नानाचिकी. केंटकीचं बुकिंग हुकलेले लोक शेवटी आमच्याकडेच येतात.

एक उपयोगाची गोष्ट : २५ च्या रात्री उरलेल्या केकवर किंमत उतरवलेलं पिवळं लेबल लागतं. पूर्वी ढिगाने फेकले जायचे. आता अन्नाच्या नासाडीवरून ओरड झाल्यापासून बहुतेक दुकानं बुकिंगवरच माल आणतात, त्यामुळे ती मजाही कमी झालीय.

गंपू_शेठ · संध्या. ५:०२

कोंबिनीवाल्या, दंडवत घे. तीन दिवस क्रीम म्हणजे शिक्षाच.

वसईची_पोर · संध्या. ६:३०

धागा वाचून राहवलं नाही. आम्ही वसईचे ख्रिश्चन. आमच्याकडे नाताळ म्हणजे मध्यरात्रीची मिस्सा, घरात मांडलेला येशूजन्माचा गोठा, फुगे (तळलेले गोल पाव), सोरपोतेल (डुकराच्या मांसाचं कालवण), करंज्या. कृष्णाकाठताईंचं मिरजेचं ताट वाचून बरं वाटलं, महाराष्ट्रातला नाताळ असाच असतो हे फार जणांना माहीत नसतं.

पाटणकर काकूंना एक गंमत सांगते. जपानला ख्रिस्ताचं नाव पहिल्यांदा गेलं ते आपल्या गोव्याहून. कागोशिमाचा अंजिरो नावाचा माणूस देश सोडून पळाला, फिरत फिरत गोव्याला आला. १५४८ मध्ये तिथे त्याचा बाप्तिस्मा झाला आणि सेंट पॉल कॉलेजात तो शिकला. त्यालाच वाटाड्या करून फ्रान्सिस झेवियर १५ ऑगस्ट १५४९ ला कागोशिमाला उतरले. तेच आपले ‘गोंयचो सायब’, ज्यांचं शव जुन्या गोव्याच्या बॉम जीझस बॅसिलिकेत आहे. जपानमधली नोंद झालेली पहिली नाताळची मिस्सा १५५२ ची, यामागुची गावातली. त्यावरून आजही ते गाव डिसेंबरात स्वतःला ‘क्रिसमस शहर’ म्हणवतं.

पण १६१४ ला धर्मावर देशभर बंदी आली. मारले, छळले, उरलेले लपून राहिले. ती बंदी १८७३ मध्ये उठली. मधली अडीचशेहून जास्त वर्षं उघड नाताळ नव्हताच. त्यामुळे केंटकीवाल्यांना पाटी कोरीच मिळाली.

अक्षरओळ · संध्या. ७:०५

वसईची_पोर, सुंदर प्रतिसाद. थोडी भर. धर्म गेला, पण पोर्तुगीजांचं गोड मागे राहिलं. नागासाकीचा कासुतेरा हा स्पंज केक त्यांचाच. फुकुओकात केइरान सोमेन मिळतं : पाकात सोडलेल्या अंड्याच्या पिवळ्या बलकाचे सोनेरी धागे. पोर्तुगालमध्ये तो प्रकार आजही करतात. आणि गोव्याच्या बेबिंकात तेच पिवळे बलक, फक्त नारळाच्या दुधासोबत थरावर थर. म्हणजे एकाच बोटीतून उतरलेल्या पाककृतींची एक वाट गोव्यात राहिली, दुसरी जपानात गेली. फरक इतकाच की गोव्यात त्या नाताळच्या ताटात आहेत आणि जपानमध्ये कासुतेरा वर्षभर भेट म्हणून देतात, नाताळशी त्याचा काही संबंध उरला नाही.

पाटणकर_काकू · संध्या. ७:२०

हे आवडलं. पोरी, तुझ्या आईची फुग्यांची कृती वेगळ्या धाग्यात टाक.

झंप्या_दामले · रात्री ८:४१

अवांतर आहे, पण कर्नलच्या पुतळ्याचा विषय निघालाय तर सोडवत नाही. १९८५ मध्ये ओसाकाकडचा हानशिन टायगर्स संघ बेसबॉलच्या सेंट्रल लीगमध्ये पहिला आला, आणि पुढे जपान सिरीजचा देशपातळीवरचा करंडकही जिंकला. लीग जिंकल्यावर चाहते दोतोम्बोरीच्या पुलावर जमले. प्रत्येक खेळाडूसारखा दिसणारा माणूस गर्दीतून शोधायचा आणि त्याने कालव्यात उडी मारायची असा खेळ चालला. अमेरिकन खेळाडू रँडी बासला दाढी होती, तसा कुणी सापडेना. मग काय, जवळच्या केंटकीचा कर्नल उचलला आणि फेकला पाण्यात.

त्यानंतर संघ वर्षानुवर्षं हरत राहिला. लोक म्हणाले, कर्नलचा शाप! पुतळा २००९ मध्ये कालव्यात सापडला, चष्मा आणि डावा हात नसलेला. आणि टायगर्स जपान सिरीजचा करंडक पुन्हा जिंकले ते २०२३ मध्ये. झिजलेला तो पुतळा २०२४ ला विधिपूर्वक निरोप देऊन मोडीत काढला.

ओसाकातला_आबा · रात्री ८:५५

झंप्या, ओसाकात राहून हा विषय चेष्टेत बोलायचा नसतो. :) २०२३ ला पोलीस पुलावर उभे होते आणि केंटकीवाले आपापले कर्नल आत घेऊन बसले असतील.

मधुमालती · ३ डिसेंबर, सकाळी ८:१०

मी पुण्यात हा जपानी केक करते, म्हणून थोडं स्वयंपाकघरातलं. स्ट्रॉबेरीचा मुख्य हंगाम जपानमध्ये खरं तर हिवाळ्याच्या शेवटी आणि वसंतात असायला हवा. पण डिसेंबरात मागणी एवढी की शेतकरी ऑगस्टमध्ये रोपं गार, अंधाऱ्या खोल्यांत ठेवून त्यांना थंडी आल्याचा भास करून देतात. मग ती लवकर फुलतात आणि हरितगृहात नाताळपर्यंत फळ येतं. तोचिओतोमे, फुकुओकाची आमाओ वगैरे जाती प्रसिद्ध आहेत. तरी डिसेंबरात भाव चढलेलेच.

आपल्याकडे महाबळेश्वरची पहिली स्ट्रॉबेरी साधारण त्याच सुमारास येते. ती जरा आंबट असते, आणि या केकला आंबटच बरी. अडतं ते क्रीमपाशी. खोक्यातलं साधं फ्रेश क्रीम २५ टक्के फॅटचं, ते कितीही फेटलं तरी उभं राहत नाही. जपानमध्ये ३५ पासून ४७ टक्क्यांपर्यंतचं मिळतं. इथे व्हिपिंग क्रीम म्हणून वेगळं मागा, आणि भांडं बर्फात ठेवून फेटा. बेकऱ्यांतलं वनस्पती तेलाचं क्रीम घेऊ नका, टाळूला मेण लागल्यासारखं होतं.

स्पंजला अंडी-साखर कोमट पाण्यावर धरून फेटायची, चमच्यावरून फितीसारखी सलग पडेपर्यंत. मैद्यात थोडं कॉर्नफ्लोअर मिसळायचं. गार झाल्यावर साखरेचं पाणी ब्रशने लावायचं. ही पायरी गाळली तर केक कोरडा. आणि साखर आपल्या सवयीपेक्षा बरीच कमी. माझे सासरे पहिल्यांदा खाऊन म्हणाले, गोड घालायचं राहिलं का?

आंबोली · सकाळी ९:२६

हा केक म्हणजे हवा आहे हवा. रममध्ये महिनाभर मुरलेल्या मनुका-बेदाण्यांचा काळा केक खाणाऱ्या माणसाला यात चावायला काय मिळणार?

शेवंती_टोकियो · सकाळी ९:४०

आंबोली, तुमच्यासाठी जर्मन श्टोलेन आहे, सुक्या मेव्याचा पावासारखा घट्ट केक. गेल्या काही वर्षांत टोकियोच्या बेकऱ्यांत त्याची फॅशन आलीय. नोव्हेंबरअखेर घ्यायचं आणि नाताळपर्यंत रोज एक पातळ काप खायचा. फ्रेंच पद्धतीचा लाकडाच्या ओंडक्यासारखा केकही दिसतो. पण मुलं असलेल्या घरात पांढरा-लालच.

कृष्णाकाठ · सकाळी १०:१५

मंडळी, कागोशिमा झालं, कालवा झाला, महाबळेश्वर झालं. माझा दुसरा प्रश्न कुणी घेतं का? :) चोवीस तारीख जवळ येतेय.

गंपू_शेठ · सकाळी १०:१७

ताई, भाताचा डबा पर्समध्ये ठेवा. अनुभवाचे बोल.

शेवंती_टोकियो · सकाळी ११:००

घेते, मी शाकाहारी म्हणूनच इथे दिवस काढलेत.

आधी काय सांभाळायचं ते. जपानी पोटॅटो सॅलड ताटात निरागस दिसतं, पण त्यात बहुतेक वेळा हॅमचे तुकडे असतात. कॉर्नचं दाट सूप तयार पाकिटातलं असेल तर त्यात चिकनचा अर्क असू शकतो. ग्रातँमध्ये कोळंबी. पांढऱ्या सॉसचा स्ट्यू करतात, त्यात चिकन. केकवरच्या चकचकीत थरात, मूसमध्ये जिलेटिन असू शकतं, साध्या स्पंज-क्रीम-स्ट्रॉबेरीत तो धोका कमी. पाकीटबंद मालावर अंडं, दूध, गहू, सोबा, भुईमूग, कोळंबी, खेकडा, अक्रोड लिहिणं सक्तीचं आहे, पण ती ॲलर्जीची यादी आहे. मांस आहे की नाही ते त्या यादीवरून कळत नाही, पाकिटावरचे सगळे घटक वाचावे लागतात.

यजमानीणबाईंना आधीच सांगून टाक. त्या दिवशी ताटासमोर बसून नाही म्हटलंस तर ती बिचारी ओशाळेल. आधी कळलं तर आनंदाने काहीतरी वेगळं काढून ठेवेल. ‘शाकाहारी’ एवढंच सांगू नकोस, काय खात नाहीस ते नाव घेऊन सांग : चिकन, हॅम, मासे, माशाचं पाणी. आणि अंडं चालतं हे आवर्जून सांग, तिचा जीव भांड्यात पडेल.

न्यायचं म्हणशील तर कमी तिखटाचे बटाटेवडे. इथल्या मुलांना कोरोक्के, म्हणजे बटाट्याचे पावचुऱ्यातले कटलेट, जीव की प्राण. वडा त्यांना ओळखीचाच वाटतो. मिरची वगळ, कढीपत्ता वगळ.

पाटणकर_काकू · सकाळी ११:१८

मिरची, कढीपत्ता काढल्यावर त्याला वडा कशाला म्हणायचं? गाजराचा हलवा ने. लाल रंग आहे, थंडीतला आहे.

ओसाकातला_आबा · सकाळी ११:४०

काकू, हलवा मी एकदा वाटून बघितलाय. सगळ्यांनी ‘ओइशी’ (छान चव!) म्हटलं आणि वाट्या तशाच राहिल्या. तूप आणि इतकी साखर एकत्र त्यांना झेपत नाही. वड्याला माझं अनुमोदन, पण गार झाला की संपला. तिथे जाऊन तळणार का?

कोंबिनीवाला · दुपारी १२:०५

नान न्या. विनोद नाही. इथल्या भारतीय हॉटेलांमुळे जपानी मुलांना भारत म्हणजे चीज नान. घरच्या तव्यावर छोटे चीज भरलेले केलेत तर पाच मिनिटांत ताट रिकामं होईल.

वसईची_पोर · दुपारी १२:३०

आणि खारे शंकरपाळे! गार खायचे, चमचा लागत नाही, चांदणीच्या साच्याने कापले की नाताळचे दिसतात. आमच्याकडे असतातच ताटात.

कृष्णाकाठ · ६ डिसेंबर, रात्री ९:५०

सगळ्यांचे आभार. शेवंतीताईंनी सांगितलं तसं यजमानीणबाईंना निरोप पाठवला. लगेच उत्तर आलं, भल्यामोठ्या दिलगिरीसह. ती माझ्यासाठी हॅम न घालता पोटॅटो सॅलड करणार आहे, वर ब्रोकोली लावून नाताळच्या झाडासारखं. आणि मला म्हणाली, तुझ्या घराजवळच्या दुकानात केक सांगितलाय, २४ ला येताना आणशील का? म्हणजे अख्ख्या पार्टीचा केक माझ्या हातात!

ठरलंय ते असं : चीज भरलेले छोटे नान आणि चांदणीचे खारे शंकरपाळे. नवरा म्हणतो त्याला बॅरल पुरे.

केक सायकलच्या टोपलीत ठेवून नेला तर चालेल ना? दुकान दहा मिनिटांवर आहे.

मधुमालती · रात्री ९:५३

नाही!!!

शेवंती_टोकियो · रात्री १०:२०

सायकल ढकलतसुद्धा नेऊ नकोस, चालत जा. खोकं खालून तळहातावर धर, पिशवीला लोंबकळू देऊ नकोस. २०२३ मध्ये एका बड्या डिपार्टमेंट स्टोअरने घरपोच पाठवलेले शेकडो केक चुरगळून पोचले आणि देशभर बातम्या झाल्या, इतका हा विषय इथे नाजूक आहे.

आकार विचारून ठेव. केकचं माप ‘गो’मध्ये असतं, एक गो म्हणजे ३ सेंटीमीटर. ५ गोचा केक १५ सेंटीमीटरचा, चार-सहा जणांचा. चार-पाच कुटुंबं म्हणजे बहुधा ७ गोचा किंवा दोन केक असतील. दोन असले तर नवऱ्याला सोबत ने.

बुकिंगची पावती तिच्याकडून आधी मागून घे, तिच्यावर किती वाजता न्यायचा ती वेळ लिहिलेली असेल. त्या वेळेलाच जा. काउंटरवर बाई विचारेल की घरी पोचायला किती वेळ लागेल, त्या हिशोबाने बर्फाच्या थैल्या घालतात. दहा मिनिटं सांगू नकोस, अर्धा तास सांग.

गंपू_शेठ · रात्री १०:२४

तास सांगा ताई. थैल्या फुकट असतात, जास्त मिळतात.

कोंबिनीवाला · रात्री १०:३१

फुकट एका मर्यादेपर्यंतच, गंपूशेठ. त्यानंतर पैसे. आणि २४ ला संध्याकाळी पाच ते सात रांग सगळ्यात मोठी असते, पावतीवर चारची वेळ असेल तर चारलाच उचला आणि पार्टीपर्यंत घरच्या फ्रिजमध्ये ठेवा. मधलं शेल्फ आजच मोकळं करून खोकं बसतंय का ते मोजून बघा, इथले फ्रिज अरुंद असतात.